बांध मोजण्याआधी



पेरणी तोंडावर आली की गावोगाव एकच तक्रार कानी येते : "भावाने बांध कोरला." दरसाल नांगराचे एक तास पुढे सरकते आणि तेवढ्या मातीपायी बोलणे तुटते. मग सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी मोडते. चुलत भावंडे शाळेच्या वाटेवर ओळख दाखवीत नाहीत. भाऊबीजेला आधी कोणाकडे जावे, हे बहिणीला कळत नाही. म्हातारी आई एका दारी जेवते आणि दुसऱ्या दाराकडे पाहत बसते.

माझ्या फिरतीतल्या एका गावी दोन भाऊ चौदा वर्षे अबोल होते. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले, तरी मने जुळली नाहीत. अखेर संक्रांतीला धाकटा तिळगूळ घेऊन थोरल्याच्या ओसरीवर गेला. "दादा, बांध मी कोरला. चुकलो," एवढेच बोलला. "पण तूही..." हे शब्द त्याने गिळले. थोरला गप्प राहिला. धाकट्याने तगादा लावला नाही. रथसप्तमीच्या आत थोरली जाऊ धाकटीकडे हळदीकुंकवाला आली. उन्हाळ्यात विहिरीची पाळी पुन्हा ठरली.

चोपण जमिनीत नुसता जिप्सम टाकून भागत नाही. आधी चर काढून निचरा करावा लागतो. मनाचेही तसेच. माफी मागायला स्वतः जावे, आपल्या चुकीचे नाव घ्यावे, समोरच्याचा हिशेब काढू नये आणि उत्तराला वेळ द्यावा.

मन जुळल्यावर कागदही करावा, नाहीतर पुढची पिढी तेच भांडण उकरून काढते. वाटणीची नोंद सातबाऱ्यावर घ्यावी. एकमेकांची जमीन बारा वर्षे एकमेकांच्या ताब्यात असेल, तर त्यासाठी २०२३ साली शासनाने सलोखा योजना आणली. तिच्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० व नोंदणी फी १००० रुपये ठेवली. मुदत व अटी तलाठी कार्यालयात विचाराव्यात. दावा कोर्टात असेल तर लोकअदालतीत तडजोड करता येते. त्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

ज्याची चूक कमी, तो आधी गेला म्हणून लहान होत नाही. आईचे डोळे उघडे आहेत तोवर जाण्यात अर्थ आहे. यंदा वापसा येण्याआधी एकदा भावाच्या दारी जाऊन या.