विकतचे पुण्य

‘आमची कंपनी अमुक सालापर्यंत नेट झीरो होणार’ अशा प्रतिज्ञा अलीकडे जाहिरातींतून वारंवार वाचनात येतात. धुराडे बंद होणार, असा तिचा भाबडा अर्थ आमचे विद्यार्थी करतात. वस्तुतः ते शून्य जमाखर्चाचे आहे, आणि प्रतिज्ञा व धुराडे यांच्या मध्ये एक बाजार उभा आहे.

आपल्या देशात २०११ पासून वीजबाजारात अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री होते. एका प्रमाणपत्रामागे एक हजार युनिट वीज. सूर्यापासून वा वाऱ्यापासून वीज निर्माण करणारा ती वीज तारेत सोडतो आणि तिचे सोवळेपण कागदावर निराळे विकतो. कागद घेणाऱ्या कारखान्यात वीज येते ती पूर्वीचीच, बहुतांशी कोळशाची. मग ही निव्वळ लबाडी म्हणावी काय? इतका झटपट निकाल आम्हांस मान्य नाही. तारेतील वीज कोणाची हे खुद्द तारेलाही सांगता येत नाही. हिशेब कागदावरच ठेवावा लागणार. प्रश्न एवढाच, की त्या पैशाने एखादा तरी नवा प्रकल्प उभा राहिला काय? जो आधीच उभा आहे व स्वतःच्या मिळकतीवर चालला आहे, त्याचा कागद घेतल्याने कोळशाचा खडाही वाचत नाही.

या दृष्टीने आमच्या इंदूरचे उदाहरण पाहावे. नर्मदेचे पाणी जलूदहून शहरापर्यंत चढवावयाचे, तर पंपांना वीज अफाट लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी हरित रोखे विक्रीस काढून २४४ कोटी रुपये उभारले. येथे पैसा प्रकल्पाच्या आधी आला, आणि तो सव्याज परत करावयाचा आहे. पुण्य विकत घेण्यापेक्षा हे कर्ज आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

वार्षिक बेरजेतही एक पळवाट आहेच. दुपारच्या उन्हाने मध्यरात्रीचा कोळसा विझत नाही. गूगलने २०१७ साली वर्षभराच्या वापराइतकी अक्षय वीज खरेदी केली खरी. परंतु २०२० मध्ये त्याच कंपनीला तासातासाचा मेळ घालण्याचे नवे उद्दिष्ट जाहीर करावे लागले.

ज्या वाचकांच्या घरी कंपन्यांचे समभाग असतील, त्यांनी अहवालात विजेपोटीच्या कार्बनचे दोन आकडे शोधावेत. एक प्रत्यक्ष तारेतून आलेल्या विजेचा, दुसरा खरेदीचे कागद जमेस धरल्यानंतरचा. दुसरा ठळक टाइपात आढळेल. पहिल्यासाठी बहुधा चष्मा लावून मागची पाने चाळावी लागतील.