'सबस्टन्स' : गाइड नव्हे, पुस्तकच!

'ग्रेटेस्ट हिट्स'चं नाव काढलं की गाण्यातले जाणकार मित्र नाक मुरडतात. त्यांच्या मते हे म्हणजे पुस्तक न वाचता गाइडवर पास होणं. एरवी मीही मान डोलावतो, पण न्यू ऑर्डरच्या 'सबस्टन्स'ला (१९८७) कोणी गाइड म्हटलं की भांडायला उठतो.

आधी थोडा इतिहास. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिस याने मे १९८० मध्ये, अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर आत्महत्या केली. वय २३. उरलेल्या तिघांनी बँडचं नाव बदललं, गिलियन गिल्बर्ट येऊन मिळाली आणि न्यू ऑर्डर उभा राहिला. गायचं कोणी? शेवटी गिटारवाल्या बर्नार्ड समनरने.

या मंडळींची बरीच सिंगल्स अल्बममध्ये नसायचीच. 'ब्लू मंडे' (१९८३) तर त्याच वर्षीच्या अल्बमच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीतही नाही. म्हणजे नुसते अल्बम ऐकणाराच अर्धवट राहतो!

'सबस्टन्स'मध्ये बारा सिंगल्स काळाच्या क्रमाने लावली आहेत. पहिलं 'सेरेमनी', कर्टिस असतानाच रचलेलं. शेवटचं 'ट्रू फेथ', १९८७ चं. मधे गिटारचं सुतक हळूहळू फिटत जातं, ड्रम मशीन येतं, पाय हलायला लागतात. एखाद्या सॉफ्टवेअरच्या रिलीज नोट्स वाचाव्यात तसं.

आणि 'ब्लू मंडे'मध्ये चक्क बग आहे! गिलियनने एकेक स्वर हाताने सिक्वेन्सरमध्ये भरला. त्यासाठी कागदाला कागद चिकटवून स्टुडिओभर लांब पट्टी केली होती. त्यात एक स्वर राहिला आणि धून तालापासून किंचित सरकली. तशीच बाजारात गेली. आमच्या टेस्टरने रिलीज अडवलं असतं :)

एक गोष्ट मात्र खटकते. 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्यूजन' या संग्रहासाठी नव्याने रेकॉर्ड केली. जुन्या व्हर्जनला हात लावायला नको होता.

ही सीडी मला माझ्या रूममेटने कॉपी करून दिली होती. तो २०१८ साली अपघातात गेला. आमच्या ग्रुपचा दर पावसाळ्यातला ट्रेक त्या वर्षी रद्द झाला. पुढच्या वर्षी कोणी विषयच काढेना. त्याच्याशिवाय जाणं म्हणजे त्याला विसरणं, असं काहीतरी प्रत्येकाच्या मनात होतं. तेव्हा एका शनिवारी 'सबस्टन्स' सलग ऐकली आणि पहिल्यांदाच तिचा क्रम लक्षात आला. या लोकांनी गेलेल्या मित्राचं गाणं लपवलं नाही, की त्यावरच अडून बसले नाहीत. ते पहिलं ठेवलं आणि पुढची अकरा केली.

मी ग्रुपला मेल टाकली: राजमाची, त्याच्याच वाटेने. सहा जण आले.

असो. यंदाही जातोय. पहिला चहा त्याने शोधलेल्या टपरीवर.