आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कविता लिहावी, फार तर प्रवासवर्णन लिहावे. मोटारीच्या पेट्रोलच्या नळीवर लेख कसला लिहितो, असे काहींना वाटेल. पण गेल्या वर्षभरात जे मला तर्कशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही, ते एका वीतभर रबरी नळीने शिकवले. म्हणून हा प्रपंच.

आम्ही कोपरला राहतो. बाबांची १९९८ सालची मारुती ८०० अजून आमच्याकडे आहे. कार्बोरेटरवाली. हे मॉडेल १९८३ मध्ये रस्त्यावर आले आणि २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आमच्या घरात मात्र ते कुटुंबातले माणूस होऊन राहिले आहे. आजीला आठवड्यातून दोनदा डॉक्टरांकडे न्यायचे, तर तीच गाडी.

मार्चमध्ये तिने त्रास द्यायला सुरुवात केली. गल्लीत नीट चाले, पण कोपर पुलाचा चढ लागला की खोकल्यासारखे आचके देई आणि बंद पडे. हा पूल धोकादायक ठरल्यामुळे २०१९ मध्ये बंद झाला होता आणि २०२१ मध्ये नवा होऊन खुला झाला, हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. त्या दोन वर्षांत आम्ही पुलावाचून अडलो होतो. आता पूल होता आणि गाडी अडत होती. मागे हॉर्नचा गजर, आत आजी घामाघूम.

गॅरेजमध्ये नेली. "कार्बोरेटर," असा निकाल लागला. तो उघडून साफ झाला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला. एकूण साडेचार हजार रुपये गेले, आणि गाडी पुन्हा त्याच पुलावर उभी! त्या दिवशी मी गॅरेजमधल्या हाताखालच्या पोऱ्यावर भर रस्त्यात ओरडलो. कार्बोरेटर त्यानेच जोडला होता. "दहावीसुद्धा न झालेल्या पोरांच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं," हे माझे शब्द. तो एवढेच म्हणाला, "दादा, कार्बोरेटर चांगला आहे. बाटली लावून बघू का?" मी ऐकले नाही. बाबा तर गाडी भंगारात काढायच्या गोष्टी बोलू लागले.

शेवटी आजीच म्हणाली, "अरे, तो काय म्हणतोय ते बघा तरी."

त्याने काय केले ते सविस्तर सांगतो, कारण लेखाचे सार त्यातच आहे. गाडी बंद पडताच त्याने आधी प्लगची ठिणगी पाहिली. ती उत्तम होती. म्हणजे दोष विजेचा नव्हे. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात डोकावत हाताने थ्रॉटल ओढला. एरवी तिथे पेट्रोलची बारीक धार दिसते. ती आली नाही. कार्बोरेटर उपाशी होता. मग इंजिन गार होऊ दिले, ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची वायर काढली, कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. पेट्रोल आले, पण तुटक, बुडबुड्यांसकट. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष. मग पंपाच्या अलीकडची नळी काढून तिथे थेट पेट्रोलची बाटली जोडली. आता धार जोमदार, बुडबुडा नाही. म्हणजे पंपही निर्दोष. उरला तो पंप आणि टाकी यांमधला रस्ता. टाकीपाशी रबरी नळीचा तुकडा होता, वाळून भेगाळलेला. पंप तिथून पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. त्यामुळे भेगेतून पेट्रोल गळत नव्हते, हवा आत जात होती. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर भागे. चढावर मागणी वाढली की कार्बोरेटर रिकामा. नव्या नळीचे साठ रुपये झाले.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आम्ही तीन वेळा उपचार केले. निदान एकदाही केले नाही.

आता या नळीचा दोष कोणाचा? पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडीला शिंक आली तरी लोक इथेनॉलकडे बोट दाखवतात. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही, आणि त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरे. जुन्या गाडीवाल्यांची तक्रार त्यामुळे निराधार नाही. पण आमची नळी पाव शतकाहून जुनी होती. ती इथेनॉलने गेली की वयाने, हे मी छातीठोक सांगणार नाही. पुरावा नसताना सांगायचे नाही, एवढे तर मी आता शिकलो आहे.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही. संगणकच दोष सांगतो. तो दोष सांगत नाही, लक्षण सांगतो. "मिश्रणात पेट्रोल कमी" असा संकेत आला, तरी फिल्टर तुंबला, पंप थकला की कुठून हवा शिरते, हे माणसालाच एकेक पायरी तपासून ठरवावे लागते. तिथे नळीत दाब मोठा असतो, म्हणून ते काम जाणकारानेच करावे. पण रीत तीच.

माझे म्हणणे असे की, ही रीत आपल्या वर्गांत शिकवली गेली पाहिजे. याच कल्याणच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ मोटारी तयार होत होत्या. त्या परिसरात वाढलेले आम्ही पदवीधर बॉनेट उघडायला घाबरतो आणि उघडणाऱ्याला अडाणी समजतो. परीक्षेत निकाल खराब लागला की प्रश्नपत्रिका वाईट, नोकरी नाही मिळाली की अमक्या लोकांमुळे. आपण ठिणगी पाहत नाही, धार पाहत नाही. जो समोर आणि दुबळा असेल त्याला धरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आपला हातखंडा!

त्या पोऱ्याने निष्कर्ष शेवटी काढला, मी आधी काढला होता. आमच्या दोघांत शिकलेला कोण, हे वाचकांनीच ठरवावे. गाडी आता पूल विनातक्रार चढते. मी त्याला नळीचे पैसे दिले, वर चहाही पाजला. पण भर रस्त्यात बोललेले शब्द मागे घेतले नव्हते. हा लेख संपादकांकडे देण्याआधी गॅरेजमध्ये जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, तेवढे काम करून आलो.

(द्वितीय वर्ष, कला)