कॅसेट कपाटात आणि शाहीर अंधारात: भीमगीतांच्या साठेबाजांना काही सवाल



जुन्या भीमगीतांच्या रेकॉर्डी आणि कॅसेट गोळा करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. चांगली गोष्ट आहे. आम्हीही तेच करतो. वडीगोद्री, शहागड, सुखापुरी, रोहिलागड असं अंबड तालुक्यात घरोघर फिरतो, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडायला लावतो, उंदरांनी कुरतडलेली कव्हरं झटकतो. म्हणून या छंदात शिरलेल्या रोगाबद्दल बोलणं आमचंच काम आहे.

आमचं म्हणणं साधं आहे. जी कॅसेट दुसऱ्याला ऐकवली जात नाही आणि जिच्यावरच्या गाण्याच्या कवीचं नाव नोंदवलं जात नाही, तिला संग्रह म्हणू नका. ती साठेबाजी आहे.

कुणाची गाणी साठवली जातायत ते आधी आठवू. वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस मुंबईत कष्ट करता करता मोठ्या वयात अक्षरं शिकला आणि हजारो गाणी लिहून गेला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ असे संग्रह निघाले. १५ मे २००४ रोजी नाशिकला दादा गेले. पण गावोगाव मुक्काम करत लिहिलेली, कुणाच्या वहीत उतरवून दिलेली, कुणाला तोंडी सांगितलेली कितीतरी गाणी पुस्तकात आलीच नाहीत. ती गायकांच्या गळ्यात राहिली आणि गळ्यातून टेपवर उतरली.

हे फक्त वामनदादांचं नाही. आंबेडकरी जलशाचा पाया घालणारे भीमराव कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावं तरी आपल्याला पाठ आहेत. पण मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात गायनपार्ट्या होत्या. रात्र रात्र सामने रंगायचे, सवालाला जवाब मिळायचा. पुढे बसलेला कुणीतरी टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबून ते उतरवून घ्यायचा. त्या टेपची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

आणि काळ कोणता? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत जे घडलं, त्याची सरकारची बाजू कागदावर आहे. वर्तमानपत्रांची बाजू छापलेली आहे. आपल्या वस्तीची बाजू? तिचा मोठा हिस्सा गाण्यात आहे. पोचीराम कांबळेंचं नाव गावागावात कुणी नेलं? पाठ्यपुस्तकांनी नेलं नाही, शाहिरांनी नेलं. म्हणून ती टेप म्हणजे आपल्या बाजूची साक्ष आहे. साक्ष कपाटात कुलूपबंद करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आता दुर्मिळतेच्या बाजाराबद्दल. अमेरिकेत काळ्या गायकांचं ‘सोल’ नावाचं संगीत आहे. चर्चमधल्या गाण्यातून आणि रोजच्या अपमानातून आलेलं. त्यातला एक गायक-गीतकार फ्रँक विल्सन. १९६५ साली त्याची एक रेकॉर्ड तयार झाली, पण बाजारात आलीच नाही आणि बहुतेक प्रती नष्ट झाल्या. पुढे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नाचघरांत अशा पडेल रेकॉर्डींचं वेड पसरलं आणि २००९ साली त्याच रेकॉर्डची एक प्रत पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. हा व्यवहार एका संग्राहकाने दुसऱ्या संग्राहकाशी केला. जुन्या प्रतीच्या विक्रीतून गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला काही द्यावं लागत नाही.

दलित पँथरने १९७२ साली ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं. मग ही गोष्टही त्यांच्याकडून शिकून घ्या. दुर्मिळता म्हणजे गौरव नव्हे. एखाद्या गाण्याची एकच प्रत उरते, कारण ते गाणं छापण्यालायक, जपण्यालायक कुणाला वाटलं नव्हतं. ‘माझ्याकडे एकमेव प्रत आहे’ म्हणून जो मिरवतो, तो त्या उपेक्षेवरच मिरवत असतो.

साठेबाजांचे तीन युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो.

पहिला, ‘आम्ही पैसे मोजलेत.’ मोजले असतील. ते प्लॅस्टिकचे मोजले. डब्याची मालकी तुमची. डब्यातलं गाणं ज्याने लिहिलं त्याचं आहे आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं आहे.

दुसरा, ‘बाहेर दिलं की लोक चोरतात, स्वतःच्या चॅनलवर टाकतात.’ हा मुद्दा खरा आहे. मोबाइलवर गाणं लागतं तेव्हा चॅनलवाल्याचं नाव पडद्यावर ठळक, गायकाचं बारीक आणि कवीचं गायब असतं. पण यावर उपाय कुलूप नाही, नोंद आहे. कवी कोण, चाल कुणाची, कोरसला कोण, ढोलकी कुणाची, कुठल्या गावात, कुठल्या वर्षी, हे लिहून जाहीर केलं, तर चोराला चोर म्हणायला पुरावा राहतो. कुलपात ठेवलेल्या गाण्याची चोरी झाली तर ती सिद्ध तरी कशी करणार?

तिसरा, ‘सगळं ऑनलाइन आहेच की.’ नाही. गाजलेलं तेवढं आहे, आणि तेही कापलेलं. आपल्या परंपरेत कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. ‘वामन’ ही नाममुद्रा ऐकली की गाणं दादांचं, हे अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कळायचं. कव्हर फाटलं, लेबल उडालं, तरी कवी शेवटच्या कडव्यात उभा असायचा. डीजेच्या मिश्रणात काय राहतं? धृपद आणि एक कडवं. शेवटचं कडवं आधी कापलं जातं, म्हणजे कवीच कापला जातो. ज्या समाजाला हजारो वर्षं नाव नाकारलं गेलं, त्या समाजाच्या कवीचं नाव आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत कापलं जावं?

कायद्याचंही थोडं बघा. आपण संविधानवाले आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की, हक्क विकले तरी आपल्या रचनेचं कर्तृत्व सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. वामनदादांच्या बाबतीत ही मुदत २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही सुरक्षित केला. तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. आणि कलम ५२ नुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे मूळ प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा आहे. म्हणजे वाट आहे. विहारातलं वाचनालय सर्वांना खुलं करा, कॅसेट तिथे जमा करा, तिथे बसून ऐकू द्या.

वेळ मात्र थोडा आहे. चुंबकीय फीत म्हातारी होते. दमट खोलीत तिच्यावर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका, फीतही जाते आणि हेडही खराब होतं. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते, लवकर ताणली जाते आणि गुंतते. मागच्या कडेच्या दोन टिकल्या आजच मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. उतरवून घेताना हेडचा कोन त्या कॅसेटला जुळवा, नाहीतर आवाज दबका येतो. फाइल फक्त एमपीथ्रीत ठेवू नका. मूळ प्रत डब्ल्यूएव्हीत ठेवा, तीन प्रती तीन ठिकाणी. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. त्याला शॉर्टकट नाही. म्हणूनच हे एकट्या संग्राहकाच्या आवाक्यातलं काम नाही. त्याला पोरं लागतात, आणि पोरं आपल्याकडे आहेत.

जयंती समित्यांना आमच्या तीन मागण्या आहेत. एक, येत्या १४ एप्रिलला वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याआधी कवीचं आणि गायकाचं नाव माइकवरून घ्या. दोन, शेवटचं कडवं कापू नका. तीन, डीजेच्या खर्चातला एक हिस्सा तालुक्यातल्या म्हाताऱ्या गायकांच्या मानधनासाठी आणि कॅसेट उतरवण्यासाठी बाजूला काढा. जलशाचं मोल बाबासाहेबांनी सभेपेक्षा मोठं मानलं होतं, असं प्रत्येक व्यासपीठावरून सांगता ना? मग त्या जलशाच्या खुणा भंगारवाल्याच्या हातगाडीवर किलोने जाताना गप्प का?

आणि संग्राहक मित्रांनो, तुम्ही जे वाचवलंत त्याबद्दल आमचा जयभीम स्वीकारा. तुम्ही नसता तर निम्मं केव्हाच गेलं असतं. पण चवदार तळ्याचं पाणी आपण बाटलीत भरून शोकेसमध्ये ठेवायला प्यायलो नव्हतो. ते सर्वांचं आहे, हे सांगायला प्यायलो होतो. गाण्याचंही तसंच आहे. कपाट उघडा.

जयभीम!