वृद्ध रुग्णांचे पडणे आणि रुग्णालयांची जबाबदारी



वृद्ध रुग्ण रुग्णालयात पडला की ‘वयच झाले होते’ किंवा ‘नातेवाईक कुठे गेले होते’ असे म्हणून तो विषय मिटविण्याचा जो प्रघात सर्वत्र रूढ झाला आहे, तो अन्यायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांत नोकरीस लागलेली पिढी आज पंचाहत्तरी ओलांडून संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखल होत आहे. आणि चाकणकडे मुलगा व सून दोघेही पाळीवर जाणाऱ्या घराने आजोबांच्या उशाशी अहोरात्र माणूस बसवावा कोठून?

रक्तदाबाची, लघवीची आणि झोपेची अशा तिन्ही गोळ्या ज्याच्या पोटात आहेत, असा मनुष्य मध्यरात्री लघवीच्या घाईने एकदम उभा राहतो, तेव्हा रक्तदाब उतरून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. चष्मा उशाखाली, पाय अनवाणी, एका हाती सलाईनचे सरकते स्टँड, फरशी फिनेलच्या पाण्याने ओली, आणि संडासात धरावयास दांडी नाही. खाटेस कठडे लावले की काम भागले, ही समजूतही घातक आहे, कारण तापाने भ्रमिष्ट झालेला रुग्ण कठडाच ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडून खुबा मोडून घेतो.

हे सारे आधी ओळखता येते. परिचर्या-संशोधक जॅनिस मोर्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या, पडण्याचा धोका मोजणाऱ्या मोजपट्टीत अवघ्या सहा बाबी विचारावयाच्या असतात. पूर्वी पडल्याचा इतिहास असल्यास २५ गुण, सलाईन चालू असल्यास २०, आणि चाल, आधाराची काठी, अन्य आजार व मनाची स्थिती यांचे निराळे. कायद्याचे म्हणाल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या विसाव्या कलमाने सरकारी रुग्णालयांनी वृद्धांस शक्यतोवर खाट द्यावी असे सांगितले आहे. पण खाट दिल्याने जबाबदारी संपत नाही, तेथूनच ती सुरू होते.

मनुष्यबळ अपुरे आहे, हे मला मान्य आहे. परंतु भिंतीत दांडी बसविण्यास, आणि डॉक्टरांच्या संमतीने लघवीची गोळी रात्रीऐवजी सकाळी देण्यास, जादा नेमणुका लागत नाहीत. म्हणून महापालिका आयुक्त व जिल्हा शल्यचिकित्सक यांना विनंती की, त्यांनी साठीपुढील प्रत्येक रुग्णाची मोर्स मोजपट्टीने केलेली तपासणी दाखल होतानाच केसपेपरवर नोंदविण्याचा हुकूम काढावा, आणि पडलेल्या प्रत्येक रुग्णाची कारणासह नोंद करण्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी.

— एक ज्येष्ठ नागरिक, आकुर्डी