मे महिन्याचा आकडा दाखवा!

“मराठी विभागात तुम्हा मेकॅनिकलच्या मुलींचं कधी काही येत नाही,” असं संपादक मंडळातल्या एकाने मेसमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं. म्हणून हा प्रपंच. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला रूममेटला शेजारी बसवलंय. चुका राहिल्या तर तिच्या, मतं मात्र माझी!

विषय आहे सी-प्लेन. हसू नका. मलकापुरात सी-प्लेन कुठून आलं? पोस्टरवरून आलं. आमच्या एरो क्लबने टेक-फेस्टसाठी पोस्टर करायला घेतलं: “कोयना जलाशय ते मुंबई, ९ प्रवासी, ४५ मिनिटांत!” खाली शिवसागराचा फोटो, त्यावर कॉम्प्युटरने चिकटवलेलं विमान. चित्र झकास होतं. मी फक्त एवढंच विचारलं, “हा ९ आकडा कुठून आणला?” उत्तर मिळालं, “ब्रोशरमधून.” ब्रोशर बघितलं तर ते चाकांच्या विमानाचं! तिथून जे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. माझी बाजू इथे मांडते.

स्वप्न नवीन नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जुहूहून लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीला सी-प्लेन सुरू झालं. पुढच्या ठिकाणांच्या यादीत आपल्या जिल्ह्यातलं वाईजवळचं धोम धरणही होतं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर प्रात्यक्षिक झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादची साबरमती ते केवडिया ही सेवा थाटात सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये बंदही पडली. दर वेळी उद्घाटनाचा फोटो येतो. गणित मात्र कुणी छापत नाही. आणि माझ्या मते त्या गणितातला निम्मा भाग पाण्याखाली असतो, म्हणजे फ्लोटमध्ये.

फ्लोट म्हणजे विमानाच्या पोटाखालचे दोन पोकळ, होडीसारखे पाय. ते किती मोठे घ्यायचे याचा जगभर वापरला जाणारा नियम सोपा आहे: विमानाचं वजन तोलायला जेवढी तरणशक्ती लागते, त्याहून ८० टक्के जादा. १००० किलोचं विमान असेल तर दोन्ही फ्लोट मिळून १८०० किलो पाणी बाजूला सारू शकले पाहिजेत, म्हणजे एकेक ९०० चा. शिवाय प्रत्येक फ्लोटमध्ये वेगवेगळे बंद कप्पे, कोणतेही दोन फुटले तरी विमान कलंडायला नको. फ्लोटच्या नावातच बहुतेक वेळा ही ताकद लिहिलेली असते. ‘एडो २०००’ म्हणजे एकेक फ्लोट साधारण २००० पौंडांचा.

आम्ही हे पुस्तकात वाचलं होतं. तरी मॉडेल करताना शहाणपणा केलाच. मॉडेलचं वजन २.४ किलो. “तरंगतंय ना, मग झालं!” म्हणून दोन्ही मिळून २.८ लिटरचे फ्लोट केले. होस्टेलच्या टाकीत छान तरंगले. थ्रॉटल दिला तर नाक खाली, पाण्याचा फवारा थेट प्रॉपेलरवर आणि मोटर बंद! मग ४.४ लिटरची जोडी केली. ती आधीच्यापेक्षा दीडशे ग्रॅम जड निघाली. वजन झालं २.५५ किलो, त्याच्या १.८ पट म्हणजे ४.५९, आणि आमच्याकडे ४.४. परत कमी! तेव्हा कळलं, फ्लोट मोठा केला की वजन वाढतं आणि वजन वाढलं की फ्लोट आणखी मोठा लागतो. म्हणून “घ्या की मोठाच” हेही उत्तर नाही. तिसरी जोडी २.३ लिटरची एकेक, ती कशीबशी बसली.

चाचणी एका वर्गमित्राच्या काकांच्या शेततळ्यावर घेतली. पाणी सुमारे ४० मीटर लांब, वारा शून्य, पाणी आरशासारखं. आम्हाला वाटलं, वा, आदर्श परिस्थिती! प्रत्यक्षात उलटं. सी-प्लेन आधी होडीसारखं पाणी कापत जातं. मग नाक वर करून स्वतःच उभी केलेली लाट चढायला लागतं. या चढावर पाण्याचा विरोध सगळ्यात जास्त असतो. तो ओलांडला की फ्लोट पाण्यावरून घसरायला लागतात आणि वेग झरझर वाढतो. फ्लोटच्या तळाला मध्यावर जी पायरी असते ती याचसाठी: तिथून पाणी तुटतं, नाहीतर ते तळाला चिकटून राहतं. आमचं मॉडेल चढ ओलांडायचं, पण सुटायचं नाही. तीनदा पलीकडच्या प्लास्टिकच्या कडेवर जाऊन आदळलं. सीनियर म्हणाले, मोठी मोटर लावा. शेवटी काका वैतागून म्हणाले, “पोरांनो, थांबा जरा,” आणि त्यांनी काठावरून बादलीभर पाणी फेकलं. तरंग उठले, आणि पुढच्या खेपेला मॉडेल सुटलं! नंतर वाचलं की सपाट पाण्यावर खरे पायलटसुद्धा आधी एक फेरी मारून मुद्दाम लाटा उठवतात. काकांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

आता शेततळ्यावरून शिवसागरावर या. कोयना भरली की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर. जलाशय लांब आहे हे मान्य, पण तो डोंगरांतून वळणं घेत जातो. पाण्यावरून सुटलेल्या विमानाला पुढे चढायला सरळ मोकळी वाट हवी.

आणि पर्यटक येतात कधी? महाबळेश्वर-तापोळ्याला गर्दी मे महिन्यात. नेमकं तेव्हाच तीन गोष्टी एकदम बिघडतात. एक, ऊन. समजा ३५ अंश तापमान धरलं, तर या उंचीवरची हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते. उडायला लागणारा वेग सात टक्क्यांनी वाढतो, प्रॉपेलरचा जोर मात्र घटतो. टर्बाइन इंजिन यातलं थोडं भरून काढतं, सगळं नाही. शिवाय हवा विरळ झाली म्हणून पाणी काही विरळ होत नाही! फ्लोटला होणारा विरोध आहे तेवढाच. दोन, पाणी उतरलेलं. लांबी-रुंदी घटते, बुडालेल्या गावांचे चौथरे आणि खोडं वर येतात, आणि अगदी पृष्ठभागाखाली राहिलेली खोडं तर दिसतही नाहीत. तीन, सगळ्या सीट भरलेल्या. वजन १० टक्के वाढलं की चाकांच्या विमानालासुद्धा टेक-ऑफला साधारण २० टक्के जास्त धाव लागते, आणि पाण्यावर त्या लाटेच्या चढाशी शिल्लक जोर आधीच बेताचा असतो. जुलैत धरण भरायला लागतं तेव्हा डोंगर ढगात. मग विमान उडणार कधी?

त्यात चाकांचा प्रश्न. जुहूला धावपट्टीवर उतरायचं तर फ्लोटमध्येच चाकं हवीत, उभयचर फ्लोट. चाकं, ती आत-बाहेर घेणारी यंत्रणा, सगळं वजन. तेवढं वजन प्रवाशांतून किंवा इंधनातून कापलं जातं. शिवाय चाकं बाहेर राहिली असताना पाण्यावर उतरलं तर विमान उलटं होतं. साधे फ्लोट हलके आणि जास्त माणसं नेणारे, पण मग इंधन आणि दुरुस्ती पाण्याकाठीच हवी. कराडची धावपट्टी, जी कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली, तिचाही उपयोग नाही. म्हणजे कोणता फ्लोट निवडता, यावरच ‘९ प्रवासी’ खरे की खोटे हे ठरतं.

एवढं सगळं मी रूममेटला जोरात समजावत होते. ती शिवसागराच्या पलीकडच्या गावची. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अगं, तुमचं विमान उतरताना आमची लाँच कुठं थांबवायची?” मी गप्प. तिच्या आजीला दवाखान्यात न्यायचं तरी लाँच, बाजाराला लाँच. मे महिन्यात पाणी मागे सरतं, तेव्हा चिखल तुडवत लाँचपर्यंत जावं लागतं. धरणाने रस्ते बुडवले तेव्हापासून पाणी हाच त्यांचा रस्ता. तिथे कोणी विमानासाठी पट्टा आखणार असेल तर आधी त्यांना विचारायला नको? केरळात २०१३ मध्ये अष्टमुडी सरोवरावर मच्छीमारांच्या विरोधाने सी-प्लेन अडलं. तिथे इंजिन कमी पडलं नव्हतं, विचारणं कमी पडलं होतं.

गैरसमज नको. मी सी-प्लेनच्या विरोधात नाही. सुटलेलं मॉडेल बघून मी शेताच्या बांधावर नाचले, साक्षीदार आहेत! ढगात नाही, उन्हात नाही, अशा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते कदाचित जमेलही, कमी प्रवासी घेऊन. पण मग तसं लिहा. माझा आग्रह इतकाच: भरल्या धरणाचा, थंड सकाळचा, अर्ध्या रिकाम्या विमानाचा आकडा दाखवून मे महिन्याचं तिकीट विकू नका. हे मंत्र्यांना जेवढं लागू तेवढंच आपल्यालाही. आपण जर्नलमध्ये ‘रीडिंग’ उत्तराकडून उलटी भरतो, व्हायवाला खपून जातं. सवय तिथेच लागते. उद्या तीच सवय घेऊन आपण कुठल्या तरी ऑफिसात सही करणार आहोत.

सरांना एक विनंती: पुढच्या वर्षी एखाद्या ग्रुपला फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून हेच द्या. मे महिन्यात शिवसागरावर जाऊन वारा, तापमान, मोकळं पाणी किती मीटर, लाँच दिवसात किती फेऱ्या करतात, हे मोजायचं. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि भाकरी-पिठल्याचा.

पोस्टर अजून क्लबच्या खोलीत आहे. ९ वर मी पांढरा कागद चिकटवलाय. त्यावर कुणीतरी पेन्सिलने ‘भित्री भागूबाई’ लिहून ठेवलंय. लिहू देत. कागद मी काढणार नाही. ज्याच्याकडे मे महिन्याचा आकडा असेल, त्याने तो घेऊन यावं आणि स्वतःच्या हाताने तिथे लिहावा.