एजंटाचा नंबर सगळ्यांकडे आहे

आधी कबुली देतो. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. २०२४ साली उशिराच्या जन्मनोंदणीचे जे अर्ज आमच्या तहसिलीत पडले, त्यातले कितीतरी मी टाइप केलेत. अर्जामागे दीडशे रुपये माझे, पुढचे ‘काम करून देणाऱ्या’चे. कुणाकडून तीन हजार, कुणाकडून सहा. बाई आली आणि नवरा आखातात असला तर आठसुद्धा. मी टाइप करायचो, तो पिशवीत भरून न्यायचा. महिना-दीड महिन्यात दाखला यायचा आणि मोहल्ल्यात त्याचं नाव निघायचं. माझंही थोडं निघायचं.

म्हणून पुढे जे लिहितोय ते वरून, उपदेश म्हणून नाही. त्या धंद्यात मीही होतो.

इतके लोक एकदम दाखल्यामागे का लागले, हे बाहेरच्यांना कळत नाही. आपल्याला कळतं. २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली, त्यात मुसलमान नव्हते. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आसामची अंतिम यादी लागली आणि १९ लाख ६ हजार ६५७ माणसं यादीबाहेर राहिली. त्या दिवसापासून आपल्या घराघरात एक प्लास्टिकची पिशवी तयार झाली. तिच्यात आधार, रेशनकार्ड, आजोबांची टीसी, सातबारा, लाइटबिल. माझ्याही घरात आहे, अम्मीच्या कपाटात, साड्यांखाली.

पण त्या पिशवीकडे आपण तावीज म्हणून बघतो. बांधला की झालं. कायद्याच्या दृष्टीने तिच्यातला प्रत्येक कागद हा पुरावा असतो. पुरावा कुणीतरी मांडावा लागतो आणि समोरच्याने खोडला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर स्पष्टच सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे एवढ्यानेच कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्या दिवशी हाहाकार उडाला. वास्तविक आधारच्या कायद्यातच हे पहिल्यापासून लिहिलेलं आहे. वाचलं कुणी?

दाखल्यांचं काय झालं, तेही नीट समजून घ्या. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा २०२३ मध्ये बदलला. वर्ष उलटलेल्या जन्माची नोंद करायची तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, म्हणजे कोर्टाची पायरी. दुरुस्तीनंतर तो अधिकार महसूल खात्याकडे आला, म्हणजे जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी. लोकांना वाटलं, सोपं झालं. कोर्टात वकील लागायचा, तहसिलीत एजंट पुरतो. माझ्या मते घात इथेच झाला. वकील वाईट असला तरी त्याच्या नावाची सनद असते, वकालतनाम्यावर सही असते, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला बार कौन्सिल असते. एजंटाचा असतो एक मोबाइल नंबर.

२०२५ च्या जानेवारीत तो नंबर बंद झाला. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले वाटले जातायत, असा आरोप भाजपचे किरीट सोमय्या यांनी लावून धरला. मालेगाव, अकोला, अमरावती ही नावं रोज बातमीत यायला लागली. राज्याने उशिराच्या नोंदणीचं काम थांबवलं, चौकशी पथक नेमलं, मार्चमध्ये नवे कडक नियम आणले. मालेगावात अधिकारी निलंबितही झाले. पुढे नायब तहसीलदारांना हा अधिकारच नव्हता असं सांगून त्यांच्या सहीचे दाखले रद्द करायला घेतले. चूक सही करणाऱ्याची, चकरा मात्र अर्जदाराच्या. आणि चकरा मारता मारता काही जणांवर गुन्हेही दाखल झाले.

आमच्या गल्लीतले एक चाचा त्यातलेच. नाव लिहीत नाही. जिनिंगमध्ये उभं आयुष्य हमाली केली. जन्म १९६१ चा, याच तालुक्यातल्या खेड्यात. शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण टीसी कधी काढलीच नाही. एजंट म्हणाला, काळजी करू नका. त्याने दुसऱ्याच कुणाच्या टीसीवर चाचांचं नाव चढवून झेरॉक्स जोडली. ती झेरॉक्स माझ्या मशीनवर निघाली. नावाच्या ओळीतलं अक्षर बाकीच्या ओळींपेक्षा वेगळं दिसत होतं. मला दिसलं होतं. मी विचारलं नाही.

पडताळणीत शाळेने सांगितलं की या क्रमांकावर हा विद्यार्थी नाही. चाचांवर बनावट कागद दिल्याचा गुन्हा. पोलिस ठाण्यात बोलावलं, तर ते जमातीतल्या एका ‘ओळख असलेल्या’ माणसाला घेऊन गेले. वकिलाला नाही. ओळखवाल्याने सल्ला दिला, साहेबांपुढे खरं ते सांगून टाका, माणूस चांगला आहे. चाचांनी कागद मीच दिला म्हणून सांगितलं. घरी येऊन म्हणाले, साहेबांनी चहा पाजला.

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. चाचांना त्या खोट्या टीसीची गरजच नव्हती. नागरिकत्व कायद्याचं कलम ३ उघडून बघा. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो, परदेशी वकिलातीतल्या माणसांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडले, तर जन्मानेच नागरिक. आईबाप कोण, हा प्रश्न तिथे येत नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा बाप नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांचा पुरावा आपल्या नावाच्या कागदात कमी आणि बापाच्या, आईच्या जन्मगावात जास्त आहे. चाचांचं जन्मगाव सिद्ध झालं की विषय संपला. आणि ते सिद्ध करणारी नोंद तहसिलीच्याच रेकॉर्ड रूममध्ये पडून होती, कोतवाल बुकात. ‘शेख अमुक यास मुलगा’, तारीख, गाव. बाळाचं नाव नाही, कारण त्या काळी नाव पडायच्या आधीच कोतवाल नोंद करून जायचा. विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी लोक या नकला नेहमी काढतात. आम्हाला सुचलं नाही, कारण आम्ही ज्याला विचारत होतो त्याची कमाई नक्कल काढण्यात नव्हती.

सुचलं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंना. त्यांनी पहिला प्रश्न दाखल्याचा विचारलाच नाही. चाचांचा जन्म कुठल्या गावचा आणि कुठल्या साली, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, जन्मदाखला रद्द झाला म्हणजे नागरिकत्व गेलं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं होतं.

दोस्तांनो, १९८७ साली या देशात विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याचं कलम १२ सांगतं फुकट वकील कुणाला मिळतो. कोणतीही स्त्री, मग ती कितीही कमावती असो. मूल. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती. अपंग. औद्योगिक कामगार. दंगलीत होरपळलेला. कोठडीत असलेला. आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेला कुणीही. कचेरी जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, फोन १५१०० आहे. दुकानात आलेल्या मुलांना मी हल्ली विचारतो, हा नंबर कशाचा? आजवर एकाने सांगितलं, आणि तो लॉ करतो. एजंटाचा नंबर मात्र सगळ्यांकडे आहे, बंद पडलेला.

‘फुकटचा वकील काय कामाचा?’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, आणि ते पूर्ण खोटं नाही. चाचांना आधी जो वकील दिला होता तो दोन तारखांना आलाच नाही. पॅनलवरच्या वकिलांना मिळतं थोडं, तेही उशिरा. काहींना आपली केस म्हणजे ओझं वाटतं. पण त्यावर इलाज आहे. आम्ही प्राधिकरणाकडे लेखी अर्ज दिला आणि वकील बदलून मिळाला. एजंटाविरुद्ध असा अर्ज कुठे द्यायचा? आणि खरं सांगू, सहा हजार मोजताना ज्यांना फुकटाची लाज वाटते, त्यांना मुळात हक्क मागायची लाज वाटते. आपल्याला वशिला मागायची सवय आहे. साहेब ओळखीचा, नगरसेवक ओळखीचा, हवालदार मशिदीजवळ राहतो. ओळखीने काम झालं की उपकार होतो आणि उपकार उद्या फिरतो.

वकील पहिल्या पायरीला नसला की काय होतं, हे आसामने दाखवलंय. नलबारी जिल्ह्यातल्या एका माणसाला विदेशी न्यायाधिकरणाची नोटीस आली. आजारपणामुळे तो वेळेत कागद मांडू शकला नाही. २०१२ मध्ये एकतर्फी आदेश झाला, विदेशी. उच्च न्यायालयात हरला. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारतीय ठरवलं. कुणालाही वाटेल तसं उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, संशयाला आधार लागतो आणि तो आधार त्या माणसाला द्यावाही लागतो, नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून नागरिकत्व जात नाही, असं कोर्ट म्हणालं. फार मोलाचा निकाल आहे. ज्याच्यासाठी आला, तो मात्र तेव्हा जिवंत नव्हता. बारा वर्षं एका कागदावर तो आपल्याच गावात परका होता.

स्वतः नागरिक असल्याचं सिद्ध करायचा भार ज्याच्यावर संशय घेतला त्याच्यावरच आहे. १९४६ च्या विदेशी व्यक्ती कायद्यात तो होता, २०२५ च्या नव्या कायद्यातही राहिला. चोरीच्या खटल्यात सरकारने सिद्ध करायचं, इथे आपण. तर मग वकील इथे चोरापेक्षा जास्त गरजेचा नाही का? माझी मागणी सरळ आहे. नागरिकत्वाच्या प्रत्येक चौकशीच्या नोटिशीवरच मोफत वकिलाचा हक्क आणि १५१०० छापलेला असावा, आणि वकील मिळेपर्यंत एकतर्फी आदेश होऊ नये. आमदारांना निवेदन द्यायचंच असेल तर हे द्या. हार-शाल घेऊन फोटो काढण्यापेक्षा बरं.

आता जे वाचून काही जण रागावतील ते.

दाखल्यांची चौकशी सुरू झाल्यावर आमच्याकडे बैठक झाली. एक बुजुर्ग उठून म्हणाले, आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या इथले, मराठी बोलतो, आम्हाला कशाला भ्यायचं? पकडायचं तर त्या बंगाल्यांना पकडा. माना हलल्या. माझीही हलली असेल. पण कलम ३ मध्ये मला कुठे ‘मराठी’ शब्द सापडला नाही. भाषा हा पुरावा असेल तर मुर्शिदाबादच्या माणसाचं काय, जो बंगाली बोलतो कारण तो बंगालचा आहे? २०२५ च्या जूनमध्ये मीरा रोडला काम करणाऱ्या तिथल्याच एका गवंड्याला बांगलादेशी समजून उचललं आणि सीमेपलीकडे ढकललं. घरच्यांनी, पश्चिम बंगालच्या यंत्रणेने कागद पाठवले होते. नंतर त्याला परत आणावं लागलं. त्याच्याकडे पिशवी होती. न्यायाधीशासमोर ती उघडणारा माणूस नव्हता.

‘आम्ही ते नव्हे’ म्हणताना आपण मान्य करून टाकतो की बोलीवरून माणूस ओळखावा. मग उद्या कुणी आपल्या दाढीवरून किंवा अम्मीच्या बुरख्यावरून ओळखलं तर कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि तो खरंच बांगलादेशी निघाला तरी? संविधानाची कलमं २१ आणि २२ ‘व्यक्ती’ म्हणतात, नागरिक म्हणत नाहीत. कलम १२ सुद्धा व्यक्तीच म्हणतं. व्हिसा संपलेल्यालाही अटकेचं कारण कळायला हवं, वकील मिळायला हवा, मग कायद्याने परत पाठवा. ज्या दारातून परक्याला वकिलाविना बाहेर काढता येतं, त्याच दारातून चाचांनाही काढता येतं. दाराला भाषा कळत नाही.

चाचांना जामीन मिळालाय. केस चालू आहे, टीसी खोटी होती हे काही मिटत नाही. मी माझा जबाब वकीलबाईंकडे लिहून दिलाय, अर्ज कुणी आणला, झेरॉक्स कुठे निघाली, सगळं. दुकानावर त्याचा काय परिणाम होईल ते होईल. प्राधिकरण विधी स्वयंसेवक म्हणून शिकलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देतं. आमच्या गावातून तिघांनी नावं दिली, त्यात दोन मुली. मोहल्ल्यात अडीचशे घरं आहेत. तिघं.

मशिदीमागच्या खोल्यांमध्ये मालद्याची सहा मुलं राहतात, फरशी बसवायचं काम करतात. मागच्या महिन्यात मी १५१०० चा फलक बनवून घेतला, मराठीत, उर्दूत आणि त्यांच्याचकडून लिहून घेऊन बंगालीत. कमिटीचे सदर म्हणाले, मराठी-उर्दू ठीक, बंगाली कशाला, उगाच आपल्यावर नजर येईल. ती ओळ खोडून आणा, लगेच लावू.

फलक दुकानात ठेवलाय, मशीनच्या शेजारी. ओळ खोडलेली नाही.